सोलापूरच्या विहिरीत चमकणारे खडे निघाले, म्हणजे खाण सापडली का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दक्षिण सोलापुरात विहीर खणताना चाळीसेक फुटांवर पांढरे, काचेसारखे चमकणारे खडे निघाले. बांधाजवळच्या ओढ्यात पाऊस ओसरल्यावर काळ्या वाळूची रेघ उरते आणि तिला लोहचुंबक चिकटतो. दोऱ्याला टांगलेला चुंबक विहिरीतल्या काळ्या दगडांकडेही ओढ घेतो. गावात कोणी म्हणतं खाली लोखंड आहे, कोणी त्याहून मोठं काहीतरी सांगतं. मग खनिजांचे साठे बनतात तरी कसे, आपल्याकडे ते का नाहीत आणि तुमच्या रानातून काही काढून विकता येईल का?

शेवटच्याचं उत्तर आधी देतो. धातू मिळणार नाही. डबर, मुरूम, खडी मिळेल, पण परवाना काढून. आता कारणं.

गावकऱ्यांचं एका अर्थी बरोबर आहे. तुमच्या विहिरीच्या दगडात लोखंड आहे, आणि थोडंथोडकं नाही. आपला काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेला लाव्हा. त्याच्या शंभर किलोत नऊ-दहा किलो लोखंड आणि सातेक किलो ॲल्युमिनियम असतं. चुंबक हलतो तो त्यातल्या मॅग्नेटाइटच्या, म्हणजे चुंबकाला ओढणाऱ्या लोखंडी ऑक्साइडच्या, बारीक कणांमुळे. तरीही हे लोहखनिज नव्हे. भट्टीला जाणाऱ्या चांगल्या लोहखनिजात साठ टक्क्यांच्या पुढे लोखंड असतं आणि ते ऑक्साइडच्या रूपात मोकळं असतं. बेसॉल्टमधलं बरंचसं लोखंड सिलिकेटच्या, म्हणजे सिलिका आणि धातूंच्या संयुगांच्या, जाळ्यात अडकलेलं. ते सोडवायला जी ऊर्जा लागेल तिच्या खर्चात बाजारातून कितीतरी पट सळई विकत येईल.

हे द्राक्षवाल्यांना आणि डाळिंबवाल्यांना वेगळं सांगावं लागत नाही. चुनखडीच्या जमिनीत वेलीची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, फवारावं लागतं. मातीत टनावारी लोखंड असतं, पण मुळाला घेता येईल अशा रूपात नसतं. खाणकामाचा हिशेब असाच चालतो. किती आहे याइतकंच, किंबहुना जास्त, कोणत्या रूपात आणि किती दाट आहे हे महत्त्वाचं.

दाटपणाचा अंदाज यावा म्हणून ढोबळ आकडे बघा. पृथ्वीच्या कवचात लोखंड सरासरी पाच टक्के. खाण परवडायला निसर्गाने ते दहा-बारा पट गोळा केलेलं लागतं. तांबं टनाला पन्नास-साठ ग्रॅम. ते शंभरेक पट साठावं लागतं. सोनं टनाला काही हजारांश ग्रॅम; तिथे हजार पट किंवा जास्त. समजा एखाद्या खाणीत टनाला तीन ग्रॅम सोनं आहे. म्हणजे बाजारातल्या दहा ग्रॅमच्या तोळ्यासाठी साडेतीन टनांच्या आसपास दगड फोडून, दळून, धुवायचा. खडीची एक ब्रास, म्हणजे शंभर घनफूट, चार-सव्वाचार टन भरते. तिच्याहून कमी दगडात एक तोळा, आणि ही खाण चांगली म्हणायची.

एवढं गोळा करण्याचं काम बहुतेक वेळा पाणी करतं. काही साठे पाण्याशिवायही होतात. वितळलेला खडक जमिनीच्या आतच थंड होताना जड क्रोमाइट, म्हणजे क्रोमियमचं खनिज, तळाशी बसतं तसे. पण तुमच्या प्रश्नापुरतं पाण्याचंच बोलू, कारण तुमच्या दोन्ही नमुन्यांच्या मागे पाणीच आहे.

पहिला नमुना पांढऱ्या खड्यांचा. लाव्हा वाहताना त्यातली वाफ आणि वायू वर येतात आणि थराच्या डोक्याशी बुडबुडे होऊन अडकतात. त्या सच्छिद्र खडकाला आपल्याकडे विहिरी खणणारे मांजऱ्या म्हणतात. पुढे कोमट ते गरम पाणी खडकातून फिरलं, वाटेत सिलिका, कॅल्शियम, सोडियम विरघळवून घेतलं आणि ते या पोकळ्यांत सोडलं. त्यातून झिओलाइट, कॅल्साइट आणि गारगोटीचे प्रकार तयार झाले. तुमचे खडे याच घराण्यातले असणार. घरच्या घरी ओळखायचं असेल तर आधी काचेच्या तुकड्यावर ओरखडा काढून बघा. काचेवर ठळक ओरखडा उठला तर गारगोटी. नाही उठला तर खड्यावर, उघड्यावर आणि हात सांभाळून, संडास साफ करायच्या ॲसिडचा एक थेंब टाका. फसफसलं तर कॅल्साइट. दोन्ही नाही आणि मोत्यासारखी चकाकी असेल, तर झिओलाइट. सोनेरी काही दिसलं तर फरशीच्या खडबडीत मागच्या बाजूवर घासा. काळपट हिरवी रेघ आली तर ते पायराइट, म्हणजे लोखंड-गंधकाचं खनिज. सोन्याची रेघ सोनेरीच येते आणि सोनं हातोडीखाली चपटं होतं, भुगा होत नाही.

झिओलाइटच्या स्फटिकांना शौकीन लोक पैसे देतात हे खरं. पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतलं निळं कॅव्हन्साइट जगभरच्या संग्राहकांकडे गेलंय. पण त्यासाठी अखंड, मोठे, न तुटलेले स्फटिक लागतात आणि विहिरीच्या सुरुंगात निघतो तो बहुतेक चुरा. चार चांगले तुकडे ठेवा घरात, शोभतील.

आता हेच पाणी जास्त गरम असतं तर? सोलापूरहून आग्नेयेला, रायचूर जिल्ह्यात हट्टीला सोन्याची खाण आहे. कर्नाटकातलीच कोलारची खाण २००१ साली बंद पडल्यापासून देशात सोनं म्हटलं की हट्टीचंच नाव येतं. गंमत अशी की तिथला खडकही मुळात काळा लाव्हाच आहे, फक्त अडीचशे कोटी वर्षांहून जुना आणि दाबाने, उष्णतेने बदललेला. त्याच्या भेगांतून शेकडो अंश तापमानाचं, गंधक वाहणारं पाणी खोलातून वर आलं. गंधकाच्या संगतीने सोनं पाण्यात विरघळून राहतं. दाब उतरला किंवा लोखंडाच्या खडकाने गंधक ओढून घेतलं की सोन्याची संगत सुटते आणि ते गारगोटीच्या शिरांत बसतं. आपल्याकडचं पाणी त्या मानाने थंड, त्यात गंधक जवळजवळ नाही आणि लाव्हा पातळ थरांत पसरून भराभर थिजलेला. म्हणून मागे उरले चुन्याचे आणि सिलिकाचे पांढरे खडे. प्रक्रिया त्याच घराण्यातली, फळ निराळं.

गंधकाचं महत्त्व समजायला सायबेरियातलं नोरिल्स्क बघा. तिथेही आपल्यासारखाच प्रचंड लाव्हा, पंचवीस कोटी वर्षांपूर्वीचा. पण तो वर येताना गंधक असलेल्या गाळाच्या थरांत घुसला, गंधक त्यात मिसळलं आणि निकेल, तांबं, पॅलेडियम त्याच्याबरोबर वेगळं होऊन खाली बसलं. आज ते जगातल्या मोठ्या निकेल साठ्यांपैकी एक आहे. तेव्हा दख्खनच्या दगडात काही नसतंच असा नियम सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. दगडाचं काय झालं, हे विचारायला हवं.

बरं, लाव्हाच्या खाली काय आहे? १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल बोअर घेतलं गेलं, तेव्हा ३३८ मीटर बेसॉल्ट संपल्यावर जुना खडक लागला. हट्टी-कोलारचा पाया आहे त्याच जातीतला, ग्रॅनाइट आणि नाइस या दाबाने बदललेल्या पट्टेदार खडकाचा. सोलापूरखालीही तसाच पाया आहे. त्यात कुठे सोनं असेलही. पण शेकडो मीटर कातळ भेदून, जागा नक्की नसताना शोध घेणं कोणालाच परवडत नाही. म्हणून कोणी बोअरवेलच्या चुऱ्यावरून खालच्या धातूचं भाकीत करून अहवालाचे पैसे मागत असेल तर चहा पाजून वाटेला लावा. राइस पुलर, म्हणजे तांदूळ ओढून घेते म्हणून विकली जाणारी 'चमत्कारी' वस्तू, आणि उल्का यांच्या नावाने फसवणारे याच धंद्यातले. चुंबकाला ओढ घेणारा काळा दगड सोलापूर जिल्ह्यात पावलोपावली आहे.

यापुढचा भाग मला स्वतःला सर्वांत रंजक वाटतो. हाच बेसॉल्ट कोल्हापूरच्या पश्चिमेला राधानगरी, शाहूवाडीच्या पठारांवर आहे आणि तिथे त्याच्यापासून बॉक्साइट झालंय, ॲल्युमिनियमचं खरंखुरं खनिज. दगड तोच, पाण्याने त्याचं काय केलं एवढाच फरक. भरपूर पाऊस, ऊन आणि उतारावरून पाण्याचा चांगला निचरा असला की पाणी वर्षानुवर्षं खडकाच्या आरपार जात राहतं. आधी कॅल्शियम, सोडियम, मॅग्नेशियम निघून जातं, मग हळूहळू सिलिकाही. न विरघळणारं लोखंड आणि ॲल्युमिना मागे राहतं. लोखंड जास्त राहिलं तर जांभा, ॲल्युमिना जास्त राहिलं तर बॉक्साइट. चौदा-पंधरा टक्के ॲल्युमिनाचा दगड असा धुऊन धुऊन पन्नास टक्क्यांच्या आसपास येतो. बाहेरून काही आलेलं नसतं, नको ते निघून गेलेलं असतं.

फक्त हे आजच्या पावसाचं काम समजू नका. पठारांवरचा जांभा कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या उष्ण, दमट हवेत तयार झालाय. पुरावा हवा तर बीदरला जा. तिथला किल्ला जांभ्याच्या पठारावर बसलाय, त्याच्याखाली आपलाच बेसॉल्ट आहे, आणि बीदरचा आजचा पाऊस कोकणाच्या जवळपासही नाही. म्हणजे एके काळी या बाजूलाही तसं हवामान होतं. आपल्याकडे तो थर झाला असलाच तर भीमा-सीनेने आणि त्यांच्या ओढ्यांनी केव्हाच खरवडून नेला.

आजचा सोलापूरचा पाऊस साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर, तोही लहरी. एवढ्या पाण्याने खडक कुजतो, पण त्यातलं काही वाहून जात नाही. सिलिका जाग्यावर राहते, ॲल्युमिना आणि मॅग्नेशियमशी जुळून फुगणारी चिकणमाती बनते. हीच आपली काळी माती, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला ओल धरून ठेवते ती हीच. सुटलेलं कॅल्शियम पावसाबरोबर थोडं खाली उतरतं, पाणी उडून जातं आणि मातीत दोन-चार फुटांवर चुनखडीचे खडे जमतात. कोल्हापूरच्या डोंगरावर कॅल्शियम सर्वांत आधी निघून जातं आणि आपल्याकडे तेच जमा होतं. ही चुनखडी भट्टीत भाजून पूर्वी चुना करत, बैलाने ओढायच्या घाण्यात मळून वाडे बांधत. सिमेंटला मात्र ती पुरत नाही, विखुरलेली असते आणि माती मिसळलेली. सिमेंटचा चुनखडक लागतो तो गाळाचा, शहाबाद-वाडी पट्ट्यातला, जुन्या उथळ समुद्रात थरांनी साचलेला. आपल्या घरातली शहाबादी फरशी सरळ पापुद्र्यांत सुटते ती त्या थरांमुळेच.

आता ओढ्यातली काळी वाळू. बेसॉल्ट झिजला की त्यातले मॅग्नेटाइटचे कण सुटे होतात. ते बाकी वाळूच्या जवळपास दुप्पट जड. पाणी वेगात असताना सगळंच वाहतं. वेग मंदावला, वळण आलं, मोठा धोंडा आडवा आला की जड कण आधी बसतात. म्हणून रेघ वळणाच्या आतल्या बाजूला आणि धोंड्यामागे दिसते. सूप पाखडताना दाणा आणि फोल वेगळे होतात तसंच. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची इल्मेनाइटची, म्हणजे लोखंड-टायटॅनियमच्या खनिजाची, काळी वाळू समुद्राच्या लाटांनी याच रीतीने निवडलेली आहे, आणि ती आली सह्याद्रीतल्या याच दगडातून. तिथे लाटा युगानुयुगं रात्रंदिवस काम करतात. तुमच्या ओढ्याला वर्षाकाठी दोन-तीन पूर येतात. पोतंभर वाळू जमेल, मुलांना शाळेत प्रयोगाला द्या.

तर सोलापुरात पृष्ठभागावरून खरोखर निघतं ते खडी, डबर, मुरूम आणि नदीची वाळू. याला लोक कमी लेखतात. पण रस्ता, धरण, घर, रेल्वेची गिट्टी, सगळं यावर उभं आहे, आणि चांगली दगडखाण निवडायला धातूच्या खाणीइतकीच अक्कल लागते.

लाव्हाच्या एका थराचा डोक्याकडचा भाग मांजऱ्या असतो, मधला भाग घट्ट काळा पाषाण, आणि दोन थरांच्या मध्ये कधी लाल गेरूचा पट्टा. खडीला मधला भाग हवा. हातोडा मारून बघायचा: खणखणीत आवाज आला तर दगड ताजा, बद्द आला तर कुजायला लागलेला. फोडलेल्या तुकड्यावर पाण्याचा थेंब टाका. पटकन शोषला तर तो दगड काँक्रीटला घेऊ नये. पांढरे ठिपके फार असतील तरी नको. झिओलाइटमुळे दगड हलका पडतो आणि गारगोटीच्या काही जाती सिमेंटमधल्या अल्कलीशी झगडून वर्षांनी काँक्रीटला तडे पाडतात. क्रशरवर एकदा खडी झाली की हे सगळं धुळीत लपतं. म्हणून मोठ्या कामाला खडी घेणाऱ्याने ढीग बघण्याआधी खाणीची भिंत बघावी असं माझं मत आहे.

काढायची पद्धत साधी दिसते. माती आणि मुरूम बाजूला करायचा, कातळ उघडा पाडायचा, पायऱ्या सोडत खाली जायचं. पायऱ्या सोडणं इथेच बहुतेक ठिकाणी कामचुकारपणा होतो. मुरूम-मातीच्या भिंतीला दीड मीटरपेक्षा उंच पायरी ठेवायची नाही आणि पायरीची रुंदी उंचीपेक्षा कमी नको, असा नियम आहे. प्रत्यक्षात पोकलेन पोहोचेल तेवढी सरळ भिंत कापलेली दिसते आणि पावसाळ्यात ती ढासळते. सुरुंगाचंही तसंच. भोकात दारू भरल्यावर वरचं तोंड खडीच्या बारीक कचीने नीट ठासून बंद करायचं असतं. घाईत कोणी नुसती माती लोटतं. मग स्फोटाचा जोर दगडात जायच्या ऐवजी तोंडातून बाहेर पडतो, दगड लांब उडतात आणि फुटायचं ते फुटत नाही. सगळी भोकं एकाच क्षणी उडवली तर हादरा वाढतो, शेजारच्या विहिरीचं बांधकाम तडकतं. काही मिलिसेकंदांच्या अंतराने उडवली की दगड बारीक निघतो आणि हादराही कमी. स्फोटकांचा परवाना आणि प्रमाणपत्र असलेला ब्लास्टर, याला पर्याय नाही, विहिरीसाठीसुद्धा.

धुळीबद्दल एक सांगतो. बेसॉल्टमध्ये मोकळी सिलिका कमी, त्यामुळे गारगोटीच्या किंवा वालुकाश्माच्या खाणीइतका सिलिकोसिसचा, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराचा, धोका नाही. म्हणून क्रशरवाले निर्धास्त असतात. पण बारीक धूळ कोणतीही असो, रोज छातीत जात राहिली की दम लागणारच. पाण्याचे फवारे चालू ठेवणं हा खर्च नव्हे.

वाळूचं मी थोडक्यात आटोपतो, तो विषय वेगळा आहे. नदीतली वाळू पावसाचं पाणी धरून काठच्या विहिरींना पुरवते. ती पूर येऊन भरते त्याहून जास्त उपसली की काठची पाणीपातळी खाली जाते; भीमा-सीनाकाठच्या शेतकऱ्यांनी हे पाहिलंय.

शेवटी कायद्याचं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे खनिजांवरचा हक्क शासनाचा, सातबारा तुमच्या नावावर असला तरी. खडी, मुरूम, वाळू ही गौण खनिजं, त्यांचे नियम राज्य करतं. सध्याचे मुख्य नियम २०१३ चे. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर लहान क्षेत्राच्या खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरीची अट लागू झाली. विहिरीतून निघालेला दगड-मुरूम विकायला बाहेर काढणार असाल तर आधी तहसील कार्यालयात अर्ज करा, रॉयल्टी भरा, गाडीगणिक वाहतूक पास घ्या. पास नसलेली हायवा (डंपर) पकडली गेली तर दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जाऊ शकतो आणि गाडी अडकते ती वेगळीच. डबर घराच्या पायाला आणि बांधाला वापरा, मुरूम शेतरस्त्यावर टाका; खरं तर तोच त्याचा उत्तम उपयोग. त्यासाठीही तलाठ्यांच्या कानावर घालून ठेवलेलं बरं.

खड्यांबद्दल तरीही शंका असेल तर सोलापूर विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात दोन-तीन नमुने घेऊन जा, कोणत्या खोलीवर निघाले ते कागदावर लिहून. आणि विहीर अजून खाली न्यायची असेल तर चाळीस फुटांखाली लाल पट्टा लागतोय का याकडे लक्ष ठेवा. गेरू ओला झाला की सुटतो आणि वरचा कातळ अधांतरी राहतो. तो लागला की पुढचा सुरुंग थांबवा आणि तेवढ्या भागाला आधी बांधकाम करून घ्या.